४२० विरुद्ध १ : बार्बरा ली यांचे एक मत आणि पुढची तेवीस वर्षे

११ सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर, १४ सप्टेंबर २००१ च्या रात्री, अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने राष्ट्राध्यक्षांना लष्करी बळ वापरण्याची परवानगी दिली. ठरावाच्या बाजूने ४२०, विरोधात १. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट सदस्य बार्बरा ली यांचे होते. ही घटना बहुतेक वेळा हिमतीची कहाणी म्हणून सांगितली जाते, आणि हिंमत लागली हे खरेच आहे. पण ली यांचा आक्षेप कागदावरच्या मजकुराला होता, आणि पुढची तेवीस वर्षे त्या याच मजकुरामागे लागल्या होत्या. म्हणून या नोंदीत ठरावाचा मसुदा, मतदानाची पद्धत आणि ठराव परत घेण्याचे प्रयत्न यांवर भर दिला आहे. सार्वजनिक पदावर असलेल्यांचीच नावे घेतली आहेत. कार्यालयातील कर्मचारी आणि खासगी व्यक्तींची नावे गाळली आहेत.

पार्श्वभूमी

बार्बरा ली यांचा जन्म १६ जुलै १९४६ रोजी टेक्सासमधल्या एल पासो येथे झाला. वडील लष्करात होते आणि लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले. १९६० मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियात आले. पुढे ओकलंडच्या मिल्स कॉलेजात शिकत असताना ली दोन लहान मुलांना एकट्याने वाढवत होत्या, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षही होत्या. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेल्या शर्ली चिझम यांना त्यांनी कॉलेजात बोलावले. तेव्हा चिझम यांनी त्यांना विचारले, मतदार यादीत नाव घातले आहेस का? घातलेले नव्हते. ते घातले गेले, चिझम यांच्या प्रचाराचे काम अंगावर आले, आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या १९७२ च्या मायामी अधिवेशनात ली प्रतिनिधी म्हणून बसल्या.

१९७५ मध्ये बर्कलीहून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन त्या काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, सदस्य रॉन डेलम्स यांच्या कार्यालयात लागल्या आणि तिथल्या प्रमुखपदापर्यंत पोहोचल्या. १९९० मध्ये त्या राज्याच्या विधानसभेवर निवडून आल्या, नंतर राज्याच्या सिनेटवर. १९९८ मध्ये डेलम्स यांनी राजीनामा दिला आणि एप्रिलमधल्या पोटनिवडणुकीत ती जागा ली यांनी जिंकली. ओकलंड आणि बर्कली हा या मतदारसंघाचा गाभा. व्हिएतनाम युद्धाला आणि दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीला विरोध करणाऱ्या डेलम्स यांना इथल्या लोकांनी १९७० पासून सतत निवडून दिले होते. हा तपशील पुढे फार कामाला येतो.

आणखी एक तपशील बहुतेक लिखाणांतून सुटतो. २००१ चे मत हे ली यांचे पहिले एकाकी मत नव्हते. २४ मार्च १९९९ रोजी युगोस्लाव्हियावरच्या हवाई कारवाईत सैन्याला पाठिंबा देणारा ठराव ४२४ विरुद्ध १ असा मंजूर झाला होता, आणि तो १ ली यांचाच होता. त्याआधी डिसेंबर १९९८ मध्ये इराकवरच्या हल्ल्यांच्या वेळी विरोधात गेलेल्या पाच मतांमध्येही त्या होत्या. तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. पण सभागृहात एकटे उभे राहण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता, तोही तुलनेने शांत काळातला, जेव्हा शांतपणे विचार करायला सवड होती.

इथे भारतीय वाचकांसाठी एक खुलासा हवा. आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, आणि पक्षादेश मोडून मत दिले तर खासदारकी जाऊ शकते. अमेरिकेत तसे नाही. तिथेही प्रत्येक पक्षाचा प्रतोद असतो, तो मते मोजतो आणि मनधरणी करतो, पण आदेश मोडल्याबद्दल कोणाची जागा जात नाही. पक्ष फार तर समितीवरून काढू शकतो. खरा धोका मतदारांचा. प्रतिनिधीगृहाची मुदत दोनच वर्षांची. कॅलिफोर्नियातली पक्षांतर्गत निवडणूक ५ मार्च २००२ ला होती, म्हणजे हे मत दिल्यावर मतदारांपुढे जायला सहा महिनेही नव्हते.

तीन दिवस आणि साठ शब्द

११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाउसने काँग्रेसच्या नेत्यांकडे मसुदा पाठवला. त्या पहिल्या मसुद्यात ११ सप्टेंबरच्या गुन्हेगारांवर कारवाई होतीच, शिवाय अमेरिकेविरुद्धच्या भावी दहशतवादाला किंवा आक्रमणाला आधीच रोखण्याचा मोकळा अधिकारही मागितला होता. तो भाग नेत्यांनी काढायला लावला. वाटाघाटींनंतर जो मजकूर उरला त्याचे मुख्य वाक्य इंग्रजीत साठ शब्दांचे आहे. मराठीत ते साधारण असे होईल:

"११ सप्टेंबर २००१ रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यांची आखणी ज्यांनी केली, त्यांना मंजुरी दिली, ते घडवून आणले किंवा त्यांस साहाय्य केले, अथवा अशा संघटनांना वा व्यक्तींना आश्रय दिला असे राष्ट्राध्यक्ष ठरवतील, त्या राष्ट्रांविरुद्ध, संघटनांविरुद्ध किंवा व्यक्तींविरुद्ध, त्यांच्याकडून अमेरिकेविरुद्ध भविष्यात आंतरराष्ट्रीय दहशतवादाची कृत्ये होऊ नयेत यासाठी, सर्व आवश्यक आणि उचित बळ वापरण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना देण्यात येत आहे."

१४ तारखेला सकाळी सिनेटने हा ठराव ९८ विरुद्ध ० ने मंजूर केला. त्याच रात्री तो प्रतिनिधीगृहात आला.

अडचण नेमकी कुठे होती

वाक्य सावकाश वाचले की चार पोकळ्या दिसतात. शत्रूचे नाव नाही: ना अल कायदा, ना तालिबान. जागा नाही: अफगाणिस्तानचा उल्लेखसुद्धा नाही. मुदत नाही. आणि शत्रू कोण हे ठरवणारा राष्ट्राध्यक्षच. ११ सप्टेंबरशी संबंध असण्याची अट हा एकमेव लगाम, पण तो संबंध आहे की नाही हे तपासणार कोण, ते लिहिलेले नाही.

पाचवी गोष्ट जास्त तांत्रिक आहे, पण माझ्या मते सर्वात महत्त्वाची. व्हिएतनामनंतर काँग्रेसने १९७३ मध्ये युद्धाधिकारांचा कायदा केला. त्यानुसार राष्ट्राध्यक्षांनी सैन्य लढाईत उतरवले तर ४८ तासांत काँग्रेसला कळवायचे, आणि काँग्रेसने परवानगी दिली नाही तर ६० दिवसांत सैन्य मागे घ्यायचे. माघारीसाठी गरज पडल्यास आणखी ३० दिवस. २००१ च्या ठरावाच्या दुसऱ्या भागात स्पष्ट लिहिले आहे की या कायद्याला हवी असलेली खास परवानगी म्हणजे हाच ठराव. म्हणजे ६० दिवसांचे घड्याळ या शत्रूंपुरते थांबले, आणि ते पुन्हा केव्हा सुरू होणार याची तारीख कुठेच नाही.

ली यांच्यासमोर नमुना होता. ७ ऑगस्ट १९६४ चा टोंकिन आखाताचा ठराव प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ असा मंजूर झाला होता. त्याच्या आधारावर व्हिएतनाम युद्ध वाढत गेले. तो रद्द व्हायला जानेवारी १९७१ उजाडला. सिनेटमधले विरोधक वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग, दोघेही १९६८ मध्ये आपली जागा गमावून बसले. म्हणजे या नमुन्यातून दोन्ही धडे मिळत होते: विरोधक बरोबर ठरू शकतात, आणि बरोबर ठरूनही घरी बसू शकतात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होकाराचा, पण भाषणात शंका नोंदवून. अनेकांनी हेच केले. ठरावाच्या बाजूने मत आणि कामकाजाच्या नोंदीत इशारा. याचा राजकीय धोका शून्य. पण कायद्याचा अर्थ लावताना न्यायालय आणि सरकारी वकील आधी मजकूर बघतात, भाषणे नंतर. इशारा नोंदीत पडून राहतो, अधिकार मात्र पूर्ण जातो.

दुसरा पर्याय "उपस्थित" असे मत देण्याचा. प्रतिनिधीगृहात हिरवे, लाल आणि पिवळट अशी तीन बटणे असतात, तिसरे याच कामाचे. विवेकाला थोडी जागा मिळते, पण मतदारांना कारण समजावताना दोन्हीकडून मार बसतो: पाठिंबाही दिला नाही आणि विरोधही केला नाही.

तिसरा, गैरहजर राहणे. चौथा, विरोधात मत देऊन गप्प बसणे. पाचवा, विरोधात मत आणि त्याच दिवशी सभागृहात कारण सांगणे. ली यांनी हा पाचवा पर्याय निवडला, आणि चौथ्यापेक्षा तो कितीतरी शहाणपणाचा होता. न बोलता दिलेल्या लाल मताचा अर्थ दुसरे लावतात. त्या आठवड्यात तो अर्थ एकच लागला असता.

सहावा पर्याय मसुदा सुधारण्याचा होता, पण त्या रात्रीपर्यंत तो जवळजवळ संपला होता. मजकूर दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी आणि व्हाइट हाउसने ठरवलेला, सिनेटने जसाच्या तसा मंजूर केलेला. त्यात एक शब्द बदलला तरी तो पुन्हा सिनेटकडे जाणार. हल्ल्याच्या चौथ्या दिवशी तेवढा उशीर पत्करायला कोणी तयार नव्हते.

१४ सप्टेंबर : निर्णयाचा दिवस

त्या दिवशी दुपारी वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये शोकसभा होती. ली जायचे की नाही या विचारात होत्या. सभागृहाच्या विश्रामकक्षात सहकारी सदस्य एलिजा कमिंग्ज यांच्याशी बोलता बोलता त्यांनी अचानक जायचे ठरवले, आणि हातात जिंजर एलचा डबा तसाच घेऊन धावत शेवटची बस गाठली. तिथे कॅथीड्रलचे डीन नेथन बॅक्स्टर यांच्या प्रार्थनेतले एक वाक्य त्यांच्या मनात बसले: आपण कृती करू तेव्हा ज्या दुष्टपणाचा आपण धिक्कार करतो, तोच दुष्टपणा आपल्यात येऊ नये. रात्रीच्या भाषणाचा शेवट त्यांनी याच वाक्याने केला.

हे दुःख त्यांना परके नव्हते. ११ सप्टेंबरला अपहरण झालेल्या युनायटेड ९३ या विमानातल्या मृत कर्मचाऱ्यांपैकी एक त्यांच्या कार्यालयातल्या वरिष्ठ सहकाऱ्याची नातलग होती. निर्णयाआधी त्यांनी डेलम्स यांच्याशी बोलून घेतले. दोघांचेही शिक्षण समाजकार्याचे, मानसिक आरोग्याच्या अंगाने झालेले. त्या चर्चेचा सूर ली यांनी पुढे अनेकदा सांगितला आहे: शोकाच्या आणि संतापाच्या भरात माणसाने मोठे निर्णय घेऊ नयेत हा त्या विषयातला पहिला धडा, तर देशाने तरी का घ्यावेत. वडिलांना त्यांनी मुद्दाम फोन केला नाही. मतानंतर त्यांचाच फोन आला, आणि या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने लेकीला सांगितले की मत बदलू नकोस.

भाषण छोटेखानी होते. आवाज भरून आलेला. त्यात तीन गोष्टी होत्या: हल्ल्याचा निःसंदिग्ध निषेध, लष्करी कारवाईने पुढचे हल्ले थांबतीलच याची शाश्वती नाही हे म्हणणे, आणि क्षणभर थांबून आपल्या कृतीचे परिणाम हाताबाहेर जाणार नाहीत ना, हे बघण्याची विनंती. कोणावर आरोप नाही, राष्ट्राध्यक्षांच्या हेतूवर शंका नाही. एकट्या विरोधकाने भाषण कसे करावे याचा हा नमुना म्हणून अभ्यासावा असे मला वाटते. त्यातले प्रत्येक वाक्य, ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्या ४२० जणांपैकी कोणीही मान डोलावून ऐकावे असे आहे.

मतदानाची यंत्रणा समजून घेतली की पुढचा दबाव कळतो. सदस्य आपले कार्ड यंत्रात घालून बटण दाबतात. नोंदवलेल्या मतदानाला किमान १५ मिनिटे दिली जातात. अध्यक्षांच्या आसनामागच्या भिंतीवर सगळी नावे उजळतात, आणि प्रत्येक नावापुढे रंगाचा दिवा लागतो. म्हणजे मत गुप्त तर नाहीच, उलट मतदान सुरू असतानाच सगळ्या सभागृहाला दिसते. पहिल्या दहा मिनिटांत यंत्रावरच मत बदलता येते. शेवटच्या पाच मिनिटांत बदलायचे तर अध्यक्षांच्या आसनापुढच्या मोकळ्या जागेत जाऊन रंगीत कागदी चिठ्ठी द्यावी लागते. हिरव्या दिव्यांच्या भिंतीत एकच लाल दिवा दिसल्यावर सहकारी ली यांच्याभोवती जमले. बरेचसे मित्रच. त्यांचे म्हणणे धोरणाबद्दल नव्हते. तुझ्या जिवाला धोका आहे, तुझी जागा जाईल, एचआयव्हीवरचे तुझे काम बुडेल, असे ते काकुळतीने सांगत होते. दिवा लालच राहिला.

एक गोष्ट सहसा विसरली जाते. त्याच दिवशी मदत, पुनर्बांधणी आणि सुरक्षेसाठी ४० अब्ज डॉलरची तरतूद ४२२ विरुद्ध ० ने मंजूर झाली. त्या ४२२ मध्ये ली होत्या. या एका मतामुळे पुढे त्यांना ठामपणे सांगता आले की त्यांचा विरोध एका विशिष्ट कागदाला होता.

लगेचचे पडसाद

कार्यालयाचे फोन तुंबले. हजारो पत्रे आणि ईमेल आले. त्यांत देशद्रोही म्हणणारे होते, ठार मारण्याच्या धमक्या देणारेही होते. कॅपिटल पोलिसांना त्यांना चोवीस तास संरक्षण द्यावे लागले. या बाबतीत जीनेट रँकिन यांची आठवण अटळ आहे. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानविरुद्धच्या युद्धाला ३८८ विरुद्ध १ अशा मतदानात त्यांनी एकटीने नकार दिला, आणि जमावापासून वाचण्यासाठी त्यांना टेलिफोनच्या खोपटात आसरा घ्यावा लागला. रँकिन गांधीविचाराच्या अभ्यासक होत्या आणि पुढे अनेकदा भारतात येऊन गेल्या. पण १९४२ ची निवडणूक त्यांनी लढवलीच नाही.

ली यांचे तसे झाले नाही, आणि कारण बरेचसे मतदारसंघात आहे. २३ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रात लेख लिहून त्यांनी आपली बाजू मांडली. ठराव म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिलेला कोरा चेक आहे, त्याला ना देशाची मर्यादा ना काळाची, हा त्याचा गाभा. मतानंतर नऊ दिवसांत, स्वतःच्या शब्दांत, आपल्याच लोकांच्या वृत्तपत्रात खुलासा करण्याचा निर्णय फार अचूक होता. ऑक्टोबरमध्ये ओकलंडच्या सिटी हॉलसमोर त्यांच्या समर्थनार्थ मोठी सभा झाली. मार्चमध्ये पक्षांतर्गत आव्हान त्यांनी सहज परतवले आणि नोव्हेंबर २००२ मध्ये ८० टक्क्यांहून अधिक मतांनी त्या निवडून आल्या.

पुढची तेवीस वर्षे

१८ सप्टेंबर २००१ ला ठरावाचा कायदा झाला, ७ ऑक्टोबरला अफगाणिस्तानात बॉम्बफेक सुरू झाली. नंतर हे साठ शब्द ताणले जाऊ लागले. नोव्हेंबर २००२ मध्ये येमेनमध्ये ड्रोन हल्ला. ग्वांटानामोतली स्थानबद्धता, २००४ च्या हमदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रणभूमीवर पकडलेल्यांना ठेवण्याचा अधिकार याच ठरावात पाहिला. जानेवारी २००६ मध्ये न्याय खात्याने न्यायालयाच्या परवानगीशिवाय केलेल्या टेहळणीचे समर्थनही याच ठरावाच्या आधाराने केले. "संलग्न गट" हा शब्द मूळ मजकुरात नाही. तो सरकारी वकिलांनी घडवला, आणि २०११ च्या अखेरीस स्थानबद्धतेपुरता तो संरक्षण कायद्यातही आला. २०१४ पासून इस्लामिक स्टेटविरुद्धची लढाई याच छत्राखाली आली, ज्या संघटनेचे अल कायदाशी तोवर उघड फाटले होते. काँग्रेसच्या संशोधन विभागाने २०१६ मध्ये जाहीर कागदपत्रे चाळली, तेव्हा १४ देशांशी संबंधित ३७ प्रसंगी या ठरावाचा हवाला दिलेला सापडला. ऑक्टोबर २०१७ मध्ये नायजरमध्ये चार अमेरिकी सैनिक मारले गेले, तेव्हा आपले इतके सैन्य तिथे आहे हे ज्येष्ठ सिनेटरांनाही माहीत नव्हते.

या काळात ली यांनी दोन कामे एकमेकांना न अडवता चालवली. मतानंतर दोन वर्षे उलटायच्या आत, २००३ मध्ये, एचआयव्हीविरुद्धच्या जागतिक कार्यक्रमाचा कायदा झाला. पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर. त्याच्या घडणीत ली पुढे होत्या आणि सही जॉर्ज बुश यांची होती, ज्यांच्या हाती युद्धाचा अधिकार द्यायला ली यांनी नकार दिला होता. काम बुडेल ही सहकाऱ्यांची भीती खोटी ठरली. विरोध व्यक्तीला नव्हता, तो भाषणातही तसाच मांडला होता, म्हणून दार उघडे राहिले.

दुसरे काम परवानग्या रोखण्याचे आणि रद्द करण्याचे. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकच्या वेळी त्यांनी संयुक्त राष्ट्रांमार्फत मार्ग काढण्याची दुरुस्ती मांडली. ती ७२ विरुद्ध ३५५ ने पडली, पण एकावरून ७२ पर्यंत मजल गेली होती, आणि इराकवरच्या युद्धाला परवानगी देणारा मूळ ठराव मंजूर झाला तरी त्याच्याविरुद्ध १३३ मते पडली. २००१ च्या ठरावाला मात्र हात लागत नव्हता. ली वारंवार विधेयक किंवा दुरुस्ती मांडत राहिल्या.

२९ जून २०१७ ला प्रतिनिधीगृहाच्या विनियोजन समितीत, म्हणजे सरकारी खर्चाची विधेयके तयार करणाऱ्या समितीत, वेगळेच घडले. संरक्षण खर्चाच्या विधेयकाला ली यांनी दुरुस्ती सुचवली: कायदा झाल्यापासून २४० दिवसांनी २००१ ची परवानगी रद्द, म्हणजे नवी हवी असेल तर चर्चेला आठ महिने. समितीत रिपब्लिकनांचे बहुमत. तरीही काही रिपब्लिकन सदस्यांनी, त्यांत माजी सैनिकही होते, उघड पाठिंबा दिला. आवाजी मतदानाने दुरुस्ती मंजूर झाली आणि समितीच्या दालनात टाळ्या वाजल्या. तीन आठवड्यांच्या आत, सभागृहात काय चर्चेला यावे हे ठरवणाऱ्या नियम समितीच्या टप्प्यावर, ती विधेयकातून काढून टाकण्यात आली. सभागृहात त्यावर मतदान झालेच नाही.

त्यानंतर रोख बदलला. २००१ ऐवजी २००२ च्या इराक परवानगीवर जोर आला. जानेवारी २०२० मध्ये कासिम सुलेमानी यांच्यावरच्या हल्ल्याच्या समर्थनासाठी सरकारने तिचाच आधार घेतला होता. सद्दाम हुसेन यांच्यासाठी केलेला कायदा सतरा वर्षांनी इराणी सेनापतीसाठी वापरला गेला. १७ जून २०२१ ला ती रद्द करण्याचे ली यांचे विधेयक २६८ विरुद्ध १६१ ने मंजूर झाले, त्यात ४९ रिपब्लिकन होते. २९ मार्च २०२३ ला सिनेटने इराकविरुद्धच्या १९९१ (पहिले आखाती युद्ध) आणि २००२ या दोन्ही परवानग्या रद्द करायला ६६ विरुद्ध ३० ने मान्यता दिली. पण दोन्ही सभागृहांचे होकार काँग्रेसच्या वेगवेगळ्या दोन वर्षांच्या मुदतींत पडले, त्यामुळे कायदा झाला नाही.

काय साधले, काय नाही

२०२४ मध्ये ली सिनेटच्या उमेदवारीसाठी लढल्या आणि मार्चच्या फेरीत मागे पडल्या. जानेवारी २०२५ मध्ये प्रतिनिधीगृहातली त्यांची कारकीर्द संपली. एप्रिल २०२५ च्या विशेष निवडणुकीत त्या ओकलंडच्या महापौर झाल्या. त्या सभागृहात नसताना, डिसेंबर २०२५ मध्ये, संरक्षणाच्या वार्षिक कायद्यातून १९९१ आणि २००२ च्या परवानग्या अखेर रद्द झाल्या. २००१ ची परवानगी कायम राहिली.

वेगळे काय करता आले असते

सर्वात मोठी संधी १२ ते १४ सप्टेंबरच्या दरम्यान हुकली, आणि ती एकट्या ली यांची नव्हती. मसुद्यातून मोकळा प्रतिबंधक अधिकार काढण्याइतका जोर नेत्यांनी दाखवला, मग मुदतीचे कलम का मागितले नाही? दाखला हाताशी होता. ऑक्टोबर १९८३ मध्ये लेबनॉनमधल्या सैन्यासाठी काँग्रेसने १८ महिन्यांचीच परवानगी दिली होती. आणि त्या वातावरणात मुदत मिळालीच नसती, हा युक्तिवाद टिकत नाही: अवघ्या सहा आठवड्यांनी, २६ ऑक्टोबर २००१ ला झालेल्या पॅट्रियट कायद्यातल्या टेहळणीच्या अनेक कलमांना ३१ डिसेंबर २००५ ही अंतिम तारीख घातली गेली. फोन ऐकण्याच्या अधिकाराला मुदत, युद्धाच्या अधिकाराला नाही.

ली यांच्यापुरते बोलायचे तर त्यांनी मजकुरावरचे आक्षेप आधीच लिहून, "अल कायदा, तालिबान, अफगाणिस्तान, दोन वर्षे" असा चार ओळींचा पर्यायी मसुदा फिरवला असता, तर तो पडला असताच. पण शंका इतरही काही सदस्यांना होत्या. त्यांना "नाही" म्हणणे जड जात होते, "असे नको, तसे" म्हणणे कदाचित कमी जड गेले असते. शिवाय पुढची वीस वर्षे पर्याय काय होता या प्रश्नाला दाखवायला कागद राहिला असता.

दुसरा मुद्दा परत घेण्याच्या हिशोबाचा. परवानगी द्यायला साधे बहुमत पुरते. ती रद्द करणारे विधेयक मात्र राष्ट्राध्यक्षांच्या सहीसाठी जाते, आणि त्यांनी नकाराधिकार वापरला तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. १९७३ च्या कायद्यात काँग्रेसने सहीशिवाय सैन्य परत बोलावण्याची वाट ठेवली होती, पण सहीशिवायच्या अशा वाटा घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९८३ च्या चढ्ढा खटल्यातील निकालानंतर तिला अर्थ उरला नाही. म्हणून मुदत सुरुवातीलाच घालणे हाच एकमेव स्वस्त उपाय आहे. तारीख आली की परवानगी आपोआप संपते, आणि ती चालू ठेवण्यासाठी मते गोळा करण्याचे ओझे युद्ध हवे असणाऱ्यांवर पडते.

तिसरा मुद्दा डावपेचांचा. सोळा वर्षे रोख मुख्यतः २००१ वर राहिला. २००२ ची परवानगी त्यामानाने पिकलेले फळ होती: इराकमधून सैन्य डिसेंबर २०११ मध्ये निघाले, तेव्हाच ती निर्जीव झाली होती. तिच्यावर तेव्हाच सगळी ताकद लावली असती तर रद्द करण्याची सवय, त्यासाठीचे दोन्ही पक्षांतले साथीदार आणि मजकुराचा साचा दहा वर्षे आधी तयार झाला असता. याला उलट बाजूही आहे. २०१७ च्या समितीतल्या टाळ्या २००१ च्या ठरावासाठीच होत्या, आणि सोपे लक्ष्य आधी घेतले असते तर अवघडाकडे कोणी वळलेच नसते असेही म्हणता येते. डिसेंबर २०२५ नंतर ते तपासून पाहता येईल, कारण आता यादीत फक्त अवघडच उरले आहे.

२४० दिवसांच्या तरतुदीबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. आधी रद्द करा, आठ महिन्यांत नवी लिहा, हा क्रम बरोबर होता. आधी नवी लिहा मग जुनी काढू, असे म्हणणाऱ्यांचे नवे मसुदे समित्यांमध्ये अडकून पडले, कारण जुनी चालू असताना कोणालाच घाई नव्हती. ज्या नियम समितीत ही दुरुस्ती गळाली तिथे मतांची जुळवाजुळव आधी झाली नव्हती, आणि तिथे सभागृहाच्या नेतृत्वाचाच शब्द चालतो. पुढच्या प्रयत्नात विनियोजन विधेयकाऐवजी संरक्षणाच्या वार्षिक कायद्याची वाट धरणे सोयीचे, कारण तो दरवर्षी मंजूर होतोच आणि १९९१ व २००२ च्या परवानग्या त्याच वाटेने गेल्या.